अल्लादिन पुन्हा वाचताना
'लहानपणीचं आवडतं पुस्तक मोठेपणी उघडू नये, जादू उतरते' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून (१८९३ पासूनचं आहे ते) मी नुकत्याच 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' (म्हणजे मराठीतलं 'अरेबियन नाइट्स') आणल्या. पाचवीतल्या माझ्या चित्रांच्या पुस्तकात दिवा आणि गुहा एवढंच होतं. राजाला सांगायची गोष्ट रोज पहाटे अर्ध्यावर तोडून स्वतःचा जीव वाचवणारी शहरजाद मला आत्ता, चाळिशीत भेटली. लोकलमध्ये वाचता वाचता कळवा कधी गेलं कळलंच नाही.

आणि अल्लादिन जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. सीरियातल्या अलेप्पोच्या हन्ना दियाबने ती गोष्ट १७०९ मध्ये पॅरिसात फ्रेंच अनुवादक गालाँला तोंडी सांगितली होती. तीही घडते चीनमध्ये.