आधी पाटी, मग फोटोशॉप

काही जण म्हणतात, ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आधी थिअरी अन् सॉफ्टवेअर शिकवा, प्रोजेक्ट नंतर. मला नाही पटत बावा. मी इथे नागपुरात पोट्ट्यांना पहिल्याच आठवड्यात सीताबर्डीवर पाठवतो, दुकानाच्या पाट्यांचे फोटो काढा, एक निवडा अन् कागद-कात्रीने नवीन करून आणा, कॉम्प्युटर बंद. मग प्रश्न आपोआप येतात, इंग्रजीसारखं अक्षरांत अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते काहून, ओळी जवळ घेतल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो वगैरे.

दुसरा प्रोजेक्ट संत्रा बर्फीचा डबा. स्क्रीनवर नारिंगी एकदम झक्कास अन् प्रिंट काढली की पार मळका, कारण स्क्रीन आरजीबी म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाची, छपाई सीएमवायके म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळ्या अन् काळ्या शाईची, त्या चार शाईंत तेवढा चमकदार नारिंगी निघतच नाही. हेच मी आधी फळ्यावर शिकवायचो, कोणाच्या डोक्यात नाही गेलं, स्वतःच्या पैशाची प्रिंट बिघडली की बरोबर जातं. ३ मिमी ब्लीडचंही (कापायच्या रेषेबाहेर रंग-चित्र जेवढं वाढवून ठेवतात ते) तसंच, कटिंगला कडेवर पांढरी रेघ आली की मग "सर, ब्लीड कसा ठेवायचा?"

मार्क मात्र डब्यापेक्षा कच्च्या स्केचला जास्त देतो, नाहीतर सगळे रेडिमेड टेम्प्लेट उचलून आणतात.