नुसतं शेजारी बसा! (अनुभव धागा)

मी बेळगावात टिळकवाडीत घरी बसून भाषांतराचं काम करते. जमिनीचे कन्नड कागद, जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं मराठीत आणायची. काम अवघड नाही, रटाळ आहे. एकटी असले की कपाट आवरते, कढीपत्त्याला पाणी घालते, फोन बघते आणि कागद तिथंच राहतो. समोरच्या वहिनी त्यांचं भरतकाम घेऊन येऊन बसल्या की मात्र तेच वाटणीपत्र जेवणाच्या आत हातावेगळं होतं. वहिनींना कन्नड माझ्याइतकंच येतं, पण कागदात डोकावत नाहीत. या प्रकाराला बॉडी डबलिंग असं नाव आहे आणि एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणं) असलेल्या लोकांत ही युक्ती बरीच रुळलेली आहे. मला उत्सुकता आहे ती आपल्या भागातल्या अनुभवांची. तुमच्या शेजारी कोण बसतं? आणि त्या माणसानं काय केलेलं तुम्हाला चालत नाही? उपदेश नको, किस्से सांगा.

निपाणी, शिक्षिका

आमची आई बिड्या वळायची. गल्लीत बहुतेक घरी तेच. दुपारी ती सोप्यात बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली पानं. कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं आत दुमडायचं. बोटं चालू आणि नजर भलतीकडेच. मी भिंतीला टेकून गणितं सोडवायचे. २५ बिड्या झाल्या की ती कट्टा बांधून बाजूला सारायची. तिचा कट्टा होईपर्यंत आपलं एक गणित व्हायलाच पाहिजे, असं मी मनाशी धरलेलं. तिला हे माहीतही नव्हतं. "अभ्यास कर" असं ती कधी म्हणाली नाही, कारण तिला हजार बिड्यांचा हिशेब पुरा करायचा असे, माझ्याकडं बघायला सवड कुठली.

नंतर कधीतरी पोमोडोरो पद्धतीबद्दल वाचलं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून २५ मिनिटं काम, मग थोडी विश्रांती, असं सुरू केलं. तिथंही २५ च! मला हसू आलं.

एक सांगते, ते दिवस गोड होते असं मी म्हणणार नाही. तंबाखूच्या धुळीनं दोघींनाही ठसका लागायचा. पण आज एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे, सराव पेपर तपासायला घेतले की मी लेकीला तिचं चित्रकलेचं सामान घेऊन शेजारी बसवते, ते त्याच सवयीनं.

खानापूर तालुका, शेती

आमच्याकडं लावणीला सावड असते. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. पण ते सगळ्यांनी मिळून एकच काम करणं झालं. ताई विचारतात ते वेगळं. माझं घोडं अडतं कागदावर. पीक विम्याचा फॉर्म, सोसायटीच्या कर्जाचं नूतनीकरण, उताऱ्यातली दुरुस्ती. चिखलात दिवसभर वाकून उभा राहीन, पण फॉर्म बघितला की झोप येते. मग शेजारचे काका त्यांची पासबुकं घेऊन येतात आणि आम्ही ओसरीवर समोरासमोर बसतो. ते त्यांचं लिहितात, मी माझं. एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत, हे न बोलता ठरलेलं आहे. कर्ज कुणाचं किती, ते गावात फुटायला वेळ लागत नाही.

व्हिडिओ कॉलवरचं सांगू नका. जांबोटीच्या बाजूला पाऊस लागला की रेंजचा भरवसा नसतो.

वडगाव, सॉफ्टवेअर

मी त्या व्हिडिओ कॉलवाल्यांपैकीच. कंपनी बेंगळुरूला, मी घरी. फोकसमेट नावाची सेवा वापरतो. २५, ५० किंवा ७५ मिनिटांची वेळ निवडायची, समोर कुठल्या तरी देशातला अनोळखी माणूस येतो. सुरुवातीला दोघांनी आपापलं काम एका वाक्यात सांगायचं, मग गप्प. शेवटी झालं की नाही ते सांगायचं. बस्स. ते एक वाक्य मोठ्यानं बोलणं हाच अर्धा इलाज आहे. "रिपोर्ट बघतो" म्हटलं की काही होत नाही, "रिपोर्टचं तिसरं पान पूर्ण करतो" म्हटलं की होतं.

माईक बंदच ठेवावा लागतो, कारण आमच्या भिंतीपलीकडे पॉवरलूम. एकदा चुकून चालू राहिला तर समोरच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे ट्रेन थांबलीय का? साड्या विणतात म्हणून सांगितलं, तर त्यांना साडीच बघायची होती. ते सेशन वाया.

चिकोडी, गृहिणी

माझी आक्का गडहिंग्लजला दिलेली. मधे राज्याची हद्द, पण फोनला कसली हद्द? दुपारी ती फोन लावते, मी मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवते. बोलणं पहिली पाच मिनिटं. मग तिच्याकडून मिक्सरचा, नळाचा आवाज येत राहतो, आणि मी माळा आवरते, कपड्यांच्या घड्या घालते. मधेच ती म्हणते, "हाईस न्हवं?" मी म्हणते, "हाय की." एवढंच. घरचे म्हणतात, बोलत नाही तर फोन कशाला चालू? त्यांना सांगून उपयोग नाही.

बेळगाव, निवृत्त प्राध्यापक

सगळं गोड चाललंय म्हणून थोडा खडा टाकतो. मी मानसशास्त्र शिकवत असे. १८९८ मध्ये नॉर्मन ट्रिपलेट यांनी दाखवलं, की सायकलस्वार एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळवण्यापेक्षा सोबत कुणी असताना जास्त वेगानं जातात. पण १९६५ मध्ये रॉबर्ट झायोंक यांनी यातली मेख सांगितली: माणसं आजूबाजूला असली की अंगवळणी पडलेलं काम सुधारतं, नवं किंवा गुंतागुंतीचं काम बिघडतं. पुढं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चक्क झुरळांवर प्रयोग केला. सरळ वाटेवर सोबत इतर झुरळं असली की झुरळ जोरात पळे, वळणाच्या वाटेवर मात्र त्याला जास्त वेळ लागे.

माझं स्वतःचं तसंच आहे. पत्रांची उत्तरं, बिलं, पुस्तकांची यादी, यांना सोबत हवी. नवा लेख लिहिताना खोलीत मांजरही नको.

धागाकर्ती

सर, पटलं. वाटणीपत्रात एखादा जुना अवघड शब्द अडला की मीही वहिनींना "जरा चहा टाकता का" म्हणून आत पाठवते. यामागं काही शास्त्र असेल असं वाटलं नव्हतं.

शहापूर, स्पर्धा परीक्षा

अभ्यासिकेत माझ्या समोर रोज एक कन्नड मुलगा बसतो. नाव माहीत नाही. मला कन्नडच्या अनिवार्य पेपरचं भय. तो आला नाही तर माझं लक्ष लागत नाही, हे त्याला सांगितलं तर काय समजेल कोण जाणे.

संकेश्वर, वडील

आमच्या मुलाला एडीएचडी आहे. डॉक्टरांनी सुचवलं, अभ्यासाला बसेल तेव्हा कुणीतरी शेजारी असू द्या. मी बसलो. दहा मिनिटांत भांडण! कारण मी बसलो नव्हतोच, मी राखण करत होतो. अक्षर बघ, रेघ मार, पाय हलवू नको. बायको बसली तर तिचंही तेच.

शेवटी आईला बसवलं. ती वाती वळते. कापूस पिंजून, तळहातावर राख लावून, एकेक वात डबीत. तिला लिहितावाचता येत नाही, त्यामुळं चूक काढायचा प्रश्नच नाही. पोरगं उठून फिरून येतं, तर ती मान वर करत नाही. येऊन बसलं की कापसाचा एक पुंजका त्याच्या हातात देते, तो कुस्करत वाचतो. गृहपाठ अजूनही उशिरा होतो, पण होतो, आणि घरात आरडाओरडा नाही. हाताला चाळा आणि डोळ्यासमोर न टोकणारं माणूस, या दोन्हींत नक्की कशाचा गुण येतो ते तुम्ही सरांना विचारा.

खडेबाजार, दुकानदार

आम्ही शेजारचे दोन दुकानदार जीएसटीचं विवरण भरायला एकत्र बसतो. २० तारीख जवळ आली की शटर अर्धं खाली, दोन लॅपटॉप, बिलांच्या दोन थप्प्या. पहिल्या वेळी चहा आधी मागवला आणि रात्री उशिरापर्यंत नुसतं राजकारण झालं. आता चहा शेवटी, आणि पैसे ज्याचं मागं राहील त्याचे. बहुतेक वेळा मीच देतो.