आठ दिवसांत सारे कर्नाटक, की फक्त बदामी आणि हंपी?

वाटसरू:

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, नववीत शिकणारी मुलगी आणि सत्तरीला टेकलेली आई, पुण्याहून कर्नाटकात जाण्याच्या विचारात आहोत. जाण्यायेण्यासह हाताशी आठ दिवस आहेत. एका सहल कंपनीच्या पत्रकात तेवढ्याच दिवसांत हंपी, चित्रदुर्ग, म्हैसूर, कुर्ग आणि उटी असे सारे बसवले आहे. (उटी तामिळनाडूत आहे, पण पत्रकावर ती सुखाने कर्नाटकात नांदते आहे.) आईला रोज वरणभात मिळेल याची हमी आहे, सामान उचलायला माणसे आहेत आणि मुलीला उटीची खेळण्यातली आगगाडी हवी आहे, त्यामुळे घरात तीन मते पत्रकाच्या बाजूने पडली आहेत.

माझे एकट्याचे मत असे, की बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी एवढेच धरावे आणि निवांत पाहावे. याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत आम्ही हळेबीडला दिवस मावळताना पोहोचलो. वाटाड्या भिंतीवरच्या एका नर्तकीच्या बोटातील अंगठी दाखवू लागला, तोच व्यवस्थापकांची शिट्टी वाजली, कारण रात्रीचे जेवण पुढच्या गावी लावलेले होते. ती अंगठी मी अजूनही पाहिलेली नाही. परंतु आईचे गुडघे दुखतात, मुलीला इतिहास म्हटला की जांभई येते, आणि सारी जबाबदारी अंगावर घेऊन चौघांनाही कंटाळा आला तर पुढची दहा वर्षे ऐकून घ्यावे लागेल. ज्यांनी हा भाग सावकाश पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे, की माझा हट्ट योग्य आहे का?

सोलापुरी:

हट्ट योग्य आहे, पण तो आखणीसह मांडा, म्हणजे मते फिरतील. आम्हा सोलापूरकरांना हा भाग शेजारचा असल्यामुळे मी तिकडे चार वेळा जाऊन आलो आहे.

पहिल्या दिवशी सोलापूरवरून विजयपूर गाठा आणि दुपारी गोलघुमट पाहा. महंमद आदिलशहाच्या या कबरीच्या घुमटाचा व्यास सुमारे 44 मीटर आहे, आणि वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलेले पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. मुलीला तिथे सोडा, जांभई येणार नाही. आईंनी मात्र वर चढू नये, कारण मिनारातल्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. दुसऱ्या दिवशी बदामी गाठून तिथे तीन मुक्काम करा, मग सुमारे दीडशे किलोमीटरवरील होसपेटला तीन मुक्काम करा आणि परत फिरा. होसपेटहून हंपी तेराच किलोमीटर आहे.

गुडघ्यांचे म्हणाल तर पट्टदकल सपाट हिरवळीवर आहे आणि ऐहोळेचा दुर्ग मंदिराचा परिसरही सपाट आहे. (दुर्गादेवीशी त्या मंदिराचा संबंध नाही, जवळच्या दुर्गावरून म्हणजे तटबंदीवरून ते नाव पडले.) बदामीची चारही लेणी पायऱ्यांवर आहेत, परंतु पहिले लेणे सर्वांत खाली असल्यामुळे आईंना तेवढे नक्की दाखवता येईल. माकडांपासून मात्र सावध राहा. हातातील पिशवीत खाऊ आहे हे त्यांना आपल्याआधी कळते.

वरणभाताची काळजी करू नका. ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी हे तिकडचे रोजचे जेवण आहे, आणि आईंना ते घरचेच वाटेल.

शिलालेख:

सोलापुरी यांनी वाट सांगितली. मी मुलीच्या जांभईवर उपाय सांगतो. मी संस्कृतचा शिक्षक होतो आणि मुलांना तिकडे अनेकदा नेले आहे.

मुलांना सनावळ्या सांगू नयेत, काहीतरी शोधायला द्यावे. बदामीच्या पहिल्या लेण्याबाहेर अठरा हातांचा नटराज आहे. तिला सगळे हात मोजायला सांगा, मग प्रत्येक हातात काय आहे ते पाहायला सांगा, आणि मग उजवीकडचा एक व डावीकडचा एक हात निवडून बाकीचे मनाने झाकायला सांगा. दर वेळी नृत्याची वेगळी मुद्रा दिसते. त्याच लेण्यात द्वारपालाच्या खाली एक शिल्प आहे, त्यात हत्ती आणि बैल यांचे डोके एकच आहे. एका बाजूने हात धरून झाकले की बैल उरतो, दुसऱ्या बाजूने झाकले की हत्ती. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यापुढे अर्धा तास काढला होता, आणि तो वर्गात कधी पाच मिनिटे स्थिर बसत नसे.

ऐहोळेला टेकडीवर मेगुती नावाचे जैन मंदिर आहे. आईंना खाली बसवा आणि मुलीला घेऊन तेवढे चढा. मंदिराच्या भिंतीवर इ.स. 634 चा रविकीर्ती या कवीचा संस्कृत लेख कोरलेला आहे, आणि त्यात बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने उत्तरेच्या हर्ष राजाचा पराभव केल्याचे वर्णन आहे: ‘भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः’, म्हणजे ज्याने हर्षाचाच हर्ष भीतीने गाळून टाकला. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलीला हा श्लेष उलगडून सांगावा लागणार नाही. हा कवी स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी करतो, आणि कालिदास निदान त्याआधीचा होता हे ठरवायला त्याची ही आत्मप्रौढी अभ्यासकांच्या उपयोगी पडली आहे. आपल्या दृष्टीने आणखी महत्त्वाचे असे, की पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती झाला, असे त्याच लेखात म्हटले आहे. आपल्या प्रदेशाचे नाव तेराशे नव्वद वर्षांपूर्वीच्या दगडावर आहे, आणि ते दगड पाहायला आपल्याला बागलकोट जिल्ह्यात जावे लागते.

पट्टदकलला उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पद्धतीची शिखरे एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत, आणि म्हणूनच 1987 साली ते जागतिक वारसा यादीत गेले. तिथले विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने आपला पती दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ बांधवले. ज्याने ते बांधले त्या स्थपतीचे नावही लेखात आहे आणि ते गुंड असे आहे. मुले हे ऐकून हसतातच, हसू द्यावे, कारण नाव कायमचे लक्षात राहते. त्यानंतर वेरूळचे कैलास लेणे डोळ्यांपुढे आणा. चालुक्यांना हटवून राष्ट्रकूट आले आणि त्यांनी कैलास कोरला; विरूपाक्ष आणि कैलास यांची मांडणी इतकी जवळची आहे, की एक पाहिल्याशिवाय दुसरे पुरते कळत नाही. वेरूळ पाहिले असेल तर पट्टदकल तुम्हाला अनोळखी वाटणार नाही, आणि पाहिले नसेल तर पुढच्या सुट्टीची सोय झाली.

निवांत आजी:

सर्वांचे वाचले. सहल कंपन्यांवर हसणे सोपे असते, म्हणून त्यांच्या बाजूनेही चार शब्द लिहिते.

माझे यजमान गेल्यानंतर मी साठाव्या वर्षी पहिल्यांदा घराबाहेर पडले, आणि ती एका कंपनीच्या बसमधूनच. तोवर माझा प्रवास म्हणजे माहेर, सासर आणि कोणाच्या तरी लग्नासाठी गाठलेले गाव एवढाच होता. तिकिटे, खोल्या, रिक्षावाले यांच्याशी बोलायची मला सवय नव्हती. बसमधील अंताक्षरीची थट्टा होते हे मला माहीत आहे, पण त्याच बसमध्ये भेटलेल्या तिघी आज माझ्या मैत्रिणी आहेत. शिट्टी मलाही आवडत नाही. पण ती शिट्टी नसती तर मी घराच्या गॅलरीतच बसून राहिले असते.

त्यामुळे वाटसरू यांनी कंपनी वाईट असे घरात मांडू नये. हे पत्रक वाईट आहे, असे मांडावे. हंपीहून म्हैसूर सुमारे चारशे किलोमीटर आहे, तिथून पुढे कुर्गचे आणि उटीचे घाट आहेत. आईंचे गुडघे पायऱ्यांपेक्षा बसच्या आसनावर अधिक आखडतील, हे मी अनुभवावरून सांगते. आणि आईंना विचारा तरी, की त्यांना नेमके काय पाहायचे आहे! आमच्या पिढीतील बायकांना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तुंगातीर:

आजींशी पूर्ण सहमत. हंपीविषयी थोडे लिहितो, कारण मीही आईला घेऊन गेलो होतो आणि ती दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाणारी आहे.

विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. भिंतीतील लहानशा फटीतून प्रकाश आत येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची सावली उलटी पडते. आई सावलीपुढे हात धरून बराच वेळ उभी होती, कारण गोपुराचे टोक तिच्या तळहातावर उतरले होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील सूक्ष्मछिद्र कॅमेरा तो हाच.

विजय विठ्ठल मंदिरातला दगडी रथ आता पन्नासच्या नोटेवर असल्यामुळे सगळे नोट हातात धरून फोटो काढतात, आम्हीही काढला. फाटकापासून मंदिरापर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या आहेत, त्यामुळे आईंना चालावे लागणार नाही. परंतु माझ्या लक्षात राहिला तो गाभारा. तो रिकामा आहे. पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा वारकऱ्यांना ठाऊक असते. माझ्या आईने त्या रिकाम्या जागेला हात जोडले. मी विचारले, की इथे कोण आहे? ती म्हणाली, ‘इथे नाही, म्हणून तर तिकडे आहे.’ त्यावर मी काही बोललो नाही.

एक व्यवहाराची गोष्ट: हंपीचे दगड दुपारी तापतात. सकाळी सहाला निघा, अकरापर्यंत पाहा, चारपर्यंत खोलीवर विश्रांती घ्या आणि संध्याकाळी हेमकूट टेकडीवर जाऊन बसा. तिचा चढ सौम्य आहे.

वाटसरू:

सर्वांचे मनापासून आभार. आजींनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री आईला विचारले. ती आधी नेहमीप्रमाणे ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणाली. मग मी नकाशा काढून बदामी दाखवली, तर तिने चष्मा लावून विचारले, ‘यात बनशंकरी कुठे आहे?’ बनशंकरी आमची कुलदेवता आहे. आमच्या घरातून शेवटचे तिथे गेले ते माझे आजोबा, आणि आई लग्न होऊन आल्यापासून नुसती ऐकते आहे. देऊळ बदामीपासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे हे मला, प्रवासाच्या एवढ्या गप्पा मारणाऱ्याला, काल कळले. उटीची आगगाडी रद्द झाली आहे. मुलीने त्या बदल्यात गोलघुमट आणि अठरा हात मान्य केले आहेत, आणि तुंगभद्रेत गोल टोपलीसारख्या होडीतून फेरी मारण्याची अट घातली आहे.

देवीच्या दर्शनाविषयी आणि ओटीविषयी कोणी सांगू शकेल का?

सोलापुरी:

दिवाळीत गर्दी बेताची असते. मोठी जत्रा पौषात, शाकंभरी नवरात्र संपते त्या पौर्णिमेला सुरू होते, तेव्हा मात्र पाय ठेवायला जागा नसते. देवळासमोर दगडी ओवऱ्यांनी वेढलेला मोठा तलाव आहे. आसपासच्या गावांतील बायका टोपल्यांत भाकरी, भाजी, ठेचा आणि मडक्यातले दही घेऊन बसलेल्या असतात. दर्शन झाल्यावर त्यांच्याकडेच जेवा.

आणि ओटीचा खण पुण्याहून विकत नेऊ नका. बदामीपासून वीस-बावीस किलोमीटरवर गुळेदगुड्ड नावाचे गाव आहे, आणि आपल्याकडे घरोघरी ओटीत पडणारा खण पिढ्यानपिढ्या तिथल्याच मागावर विणला जातो. आदल्या दिवशी तिकडे जा, माग चालताना पाहा आणि आईंना स्वतः खण निवडू द्या.