उपास मोडला, म्हणजे विश्वासात कमी पडलो का?

वसईकर_पुण्यात:
मी कॅथलिक, मूळचा वसईचा, जॉबसाठी पुण्यात. ईस्टरआधीचा आमचा ४० दिवसांचा उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून तसाच ऑफिसला गेलो, सगळ्यांनी विचारलं, सांगितलं पण. ईस्टरपर्यंत मटण-चिकन बंद आणि शुक्रवारी एकवेळच जेवायचं ठरवलेलं. दोन आठवडे नीट गेले, मग परवा शुक्रवारी टीमची पार्टी, समोर बिर्याणी, सगळे मागे लागले अरे एका दिवसाने काय होतंय, आणि मी खाल्ली. खाताना काही वाटलं नाही, पण रात्री आईचा फोन आला, "जेवलास का रे" एवढंच विचारलं तिने आणि मला बोलवेना. बिर्याणीपुढे टिकलो नाही तर खरी वेळ आल्यावर विश्वासात काय टिकणार? मुळात उपास करायचा कशासाठी? उरलेले दिवस धरू की सोडू?

आगाशीची_मावशी:
बाळा, चर्चने सक्तीचे उपास दोनच ठेवलेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, ते पण १८ ते ५९ वयाच्यांना, त्यातही एक पूर्ण जेवण चालतं. शुक्रवारी मांस नाही, ते मात्र तू मोडलंस, तर कन्फेशनला जा, फादरजवळ कबूल कर आणि मोकळा हो. सोडू नकोस.
माझ्या सासूबाई या दिवसात मासळीसुद्धा घ्यायच्या नाहीत. कोळीण दारावरून गेली की पापलेटचे पैसे मोजून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, आणि गुड फ्रायडेच्या आधी त्याचे तांदूळ-तेल गल्लीतल्या एका विधवा बाईकडे गुपचूप पोचायचे. मला म्हणायच्या, आपल्या ताटातलं कमी केलेलं दुसऱ्याच्या ताटात गेलं नाही तर ती नुसती काटकसर गं.

नगरी_भाकर:
प्रभूच्या नावात सलाम. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात सक्ती नाही पण उपास-प्रार्थना असते. मावशींनी सांगितलं तेच बायबलात यशया ५८ मध्ये आहे, लोक तक्रार करतात आम्ही उपास करतो तरी देव बघत नाही, आणि देव म्हणतो उपासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना राबवता, भांडता, मारामाऱ्या करता, त्यापेक्षा भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या.
आणि दादा, येशूने रानात ४० दिवस उपास केला, भूक लागली आणि तेव्हा सैतान आला, दगडांच्या भाकरी कर म्हणाला. पोट रिकामं असलं की आपण कशाच्या आधारावर उभे आहोत ते कळतं. तुला बिर्याणीने नाही पाडलं, चारचौघांच्या बोलण्याने पाडलं, हे उपास नसता तर तुला कळलं असतं का? येशूचा शिष्य पेत्र पण येशूला पकडलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी बसून लोकांच्या एकेका प्रश्नाला घाबरूनच घसरला ना, मी त्याला ओळखत नाही म्हणाला. पण येशूने त्याला आधीच सांगून ठेवलेलं (लूक २२:३२), तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू परत फिरलास की भावांना स्थिर कर. पडणारच नाहीस असं म्हणालाच नाही! आणि पुढे विश्वासात दृढ राहा असं मंडळ्यांना पत्रातून लिहिणारा कोण, तर हाच पेत्र.

सिस्टर_नाइटड्युटी:
एक सांगते, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उपाशी राहू नका प्लीज. आजाऱ्यांना चर्च पण सूट देतं. मी स्वतः जेवते पण ४० दिवस मोबाइलवरच्या सिरियल बंद, तो वेळ वॉर्डातल्या ज्या आजींना भेटायला कोणी येत नाही त्यांच्याजवळ बसते.

वसईकर_पुण्यात:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला सांगून टाकलं. ती रागावली नाही, म्हणाली पुढच्या शुक्रवारी मी पण एकवेळच जेवते, रात्री फोनवर दोघं मिळून रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणू. पार्टीत माझ्या वाट्याचे ३५० आलेले, तेवढेच एका डब्यात टाकलेत.