धोका कोणाला, ते आधी बघा

वर कुणीतरी लिहिलंय की मुलांची उंची वाढवायला देतात ती ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं म्हणजे पुढे कॅन्सर ठरलेलाच. इतकं सरळ नाही हो. शंका मात्र हवेतली नाही: ग्रोथ हार्मोनमुळे लिव्हर आयजीएफ-१ नावाचं आणखी एक हार्मोन बनवतं आणि ते पेशींची वाढ रेटतं. इक्वेडोरमधल्या लॅरॉन सिंड्रोम या जन्मजात आजाराच्या लोकांवर ग्रोथ हार्मोनचा परिणामच होत नाही, आणि त्यांच्यात कॅन्सर जवळपास दिसत नाही, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. पण नुसती ग्रोथ हार्मोनची कमतरता असलेल्या मुलांमध्ये उपचारांमुळे एकूण कॅन्सर वाढल्याचं युरोपातल्या मोठ्या पाहणीत आढळलं नाही. आधी कॅन्सर होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरही जपूनच देतात. आमच्या भाचीचं या इंजेक्शनचं पेन फ्रिजच्या दारात असतं. रोज रात्री एक टोचणं, अधूनमधून आयजीएफ-१ची रक्ततपासणी. जिममध्ये दंड फुगवायला मनानेच टोचून घेणाऱ्यांचं रक्त कोण तपासतंय?