सर्व्हरचे रोल हलवले, जुना बंद केला की लॉगिनला १० मिनिटं. काय तपासू?

लॅबताई: नमस्कार. शाळेच्या लॅबमध्ये २२ संगणक आहेत, विंडोज ७, २ जीबी रॅम. लॉगिन सांभाळणारा सर्व्हर विंडोज सर्व्हर २००८ आर२ होता, त्याच्या जोडीला विंडोज सर्व्हर २०१६ आणला. शनिवारी पाचही एफएसएमओ रोल (डोमेनमधल्या, म्हणजे लॅबच्या सामायिक लॉगिन-जाळ्यातल्या, एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) नव्यावर हलवले. 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' ही कमांड दिली तर पाचही ओळींत नव्याचंच नाव येतं. मग जुना बंद केला, आणि सोमवारी पोरं १० मिनिटं नुसती पडद्याकडे बघत बसली. ३५ मिनिटांची तासिका, त्यातली एवढी गेल्यावर शिकवायचं काय? जुना चालू केला की मिनिटभरात लॉगिन होतं. ३ मशीनवर मात्र तेव्हाही होत नाही. रोल सीझ करून (जुन्याला न विचारता जबरदस्तीने घेऊन) जुना कायमचा काढू का?

तारजोड: रॅम वाढवा, एसएसडी टाका. २ जीबीत विंडोज ७ रडतंच.

रात्रपाळी: एसएसडीचा फायदा होईल, पण दुखणं वेगळं आहे. जुना चालू असताना तीच मशीन मिनिटात आत जातात ना?

ताई, सीझ अजिबात करू नका. मूळ सर्व्हर परत उठणारच नसेल तेव्हाचा तो उपाय आहे. तुमचे रोल रीतसर गेलेत, जुना सध्या चालूच ठेवा.

आधी नव्या सर्व्हरवर 'नेट शेअर' द्या. सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन (लॉगिनला लागणारे सामायिक फोल्डर) दोन्ही दिसले पाहिजेत. नसतील तर रेप्लिकेशन (दोन सर्व्हरमधली माहितीची देवाणघेवाण) अडलंय, मग तपासणीच्या 'डीसीडायग' आणि 'रेपॲडमिन' कमांड देऊन बघू.

ते असतील तर संशय डीएनएसवर (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा). रोल हलले म्हणून क्लायंटमधला (लॅबच्या संगणकांमधला) डीएनएसचा पत्ता आपोआप बदलत नाही. एखाद्या मशीनवर 'आयपीकॉन्फिग ऑल' करून काय येतं ते टाका.

लॅबताई: दोन्ही शेअर आहेत. डीएनएसमध्ये पहिला जुन्या सर्व्हरचा पत्ता, दुसरा ८.८.८.८.

रात्रपाळी: सापडलं! जुना बंद झाला की मशीन गूगलला (८.८.८.८ हा त्यांचाच डीएनएस) तुमच्या डोमेनचा पत्ता विचारतं. त्याला तो कुठून ठाऊक असणार? पहिला नवा सर्व्हर द्या, दुसरा सध्या जुना. डीएचसीपीतही (मशीनना पत्ते आपोआप वाटणारी सेवा) तेच बदला. ८.८.८.८ क्लायंटवर नकोच, ते सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये (बाहेरच्या नावांची विचारणा पुढे पाठवायची सोय) टाका.

त्या ३ मशीनचं घड्याळ बघा. केर्बेरॉस (लॉगिन पडताळणारी पद्धत) सर्व्हरच्या घड्याळाशी ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

लॅबताई: १४ मशीनवर पत्ता हाताने टाकलेला निघाला, बाकीची डीएचसीपीवर होती. सगळं बदललं. त्या तिन्हींच्या बायोसमध्ये तारीख २००९ ची! सीआर२०३२ सेल (मशीन बंद असतानाही घड्याळ चालवणारे) बदलले, वेळ लावली, आत गेली. आज जुना बंद ठेवून सातवीची तासिका घेतली, सगळी मुलं दीड मिनिटात कामाला लागली. खूप खूप आभार, दादा.

रात्रपाळी: वा! आता पीडीसी एम्युलेटर (पाच रोलांपैकी वेळ सांभाळणारा) नव्यावर आहे, तर 'डब्ल्यू३२टीएम' कमांडने त्याला बाहेरून वेळ घ्यायला लावा, सगळी लॅब त्याच्याच घड्याळावर चालणार. दोन आठवडे असंच चालू द्या, पण जुना अधूनमधून चालू करून रेप्लिकेशन होऊ द्या. मग 'डीसीप्रोमो' कमांडने तो डोमेन सर्व्हरच्या पदावरून रीतसर उतरवा, नुसती वायर काढू नका.