टीम लीड झाल्यावर मानसशास्त्र शिकायला कुठून सुरुवात करू? (आठवड्याला दोनच तास आहेत)

निळीशाई:
नमस्कार मंडळी. तीन महिन्यांपूर्वी मला टीम लीड केलं. कामाची भीती नाही, ते येतं, पण आता सात माणसं सांभाळायची आहेत आणि ते मला कोणी शिकवलेलं नाही. त्यातला एक जण आधी मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त बोलायचा, मी लीड झाल्यापासून गप्प असतो, कामही जेवढ्यास तेवढं. विचारलं की म्हणतो, काही नाही, सगळं ठीक. मला मानसशास्त्राची तोंडओळख हवी आहे, कामाच्या ठिकाणी उपयोगी पडेल एवढीच. वेळ आठवड्याला दोन तास, त्याहून जास्त खरंच नाही, घरात लहान बाळ आहे. सहा आठवड्यांत थोडं तरी हाताशी लागावं. पुस्तक, कोर्स काहीही चालेल. टीमला टेस्ट वगैरे द्यायची नाहीये.

वाटसरू:
अभिनंदन! माझं ऐकाल तर सरळ मानसशास्त्रात एमए करा, दूरशिक्षणाने. मी चाळिशीनंतर केलं, नोकरी सांभाळून, दोन वर्षं पहाटे चारला उठून, आणि चांगल्या मार्कांनी पास झालो. वरवरचं वाचून माणसं कळत नाहीत. आधी टीममधला कोणी उशिरा आला की मी बेजबाबदार म्हणून शिक्का मारायचो आणि मला उशीर झाला की रस्त्यावर गर्दी होती. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये याला फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर असं नाव दिलं. दुसरा चुकला की दोष त्याच्या स्वभावात शोधायचा, परिस्थिती बघायचीच नाही. हे एक कळलं तरी माझी दोन वर्षं वसूल झाली.

सांजवेळ:
तुम्ही टेस्ट नको म्हणालात तरी सांगते, कारण आम्हाला फार फायदा झाला. ती सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी सगळ्या टीमला द्या. आमच्याकडे प्रत्येकाच्या टेबलावर त्याच्या प्रकाराची पाटी आहे. तुमचा तो गप्प मुलगा अंतर्मुख असणार, बस, विषय संपला.

चौकस:
सांजवेळ, तो आधी सगळ्यात जास्त बोलायचा असं वर लिहिलंय की. तीन महिन्यांत अंतर्मुख कसा होईल?
आणि ती चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या कल्पनांवरून बनवली, दोघींपैकी कोणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. मोठी अडचण म्हणजे ती माणसाला इकडे नाहीतर तिकडे टाकते, आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. त्यामुळे काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. संशोधनात वापरतात ते पाच गुणांचं मोजमाप, बिग फाइव्ह, त्यात डबे नसतात, प्रत्येक गुण कमी-जास्त मोजतात.

सांजवेळ:
आमच्या टीममधली भांडणं कमी झाली हे मी डोळ्यांनी बघितलंय. संशोधन तुमच्याकडे ठेवा.

रेघ:
मास्लो या मानसशास्त्रज्ञाच्या पिरॅमिडपासून सुरू करा. माणसाच्या गरजांच्या पाच पायऱ्या, एका संध्याकाळी होतात. माणसाची खालची गरज भागली नसेल तर वरचं काही सांगून उपयोग नाही.

चौकस:
मास्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच. तो त्रिकोण नंतर दुसऱ्यांनी काढला. पायऱ्या इतक्या काटेकोर क्रमाने चढतात असंही मास्लो स्वतः म्हणत नव्हता.

रेघ:
त्रिकोण असो नाहीतर चौकोन, मुद्दा समजतो ना? पिरॅमिड नको असेल तर हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाचा १९५९ चा अभ्यास घ्या. इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं की नोकरीत खूप चांगलं कधी वाटलं आणि खूप वाईट कधी. वाईट वाटण्याची कारणं निघाली पगार, धोरणं, वरिष्ठांचं वागणं. चांगलं वाटण्याची निघाली स्वतः काही करून दाखवणं, कोणी दखल घेणं, जबाबदारी मिळणं. म्हणजे तक्रारी मिटवल्या की माणूस कुरकुर थांबवतो, पण उत्साह येईलच असं नाही. माझा पगार दोनदा वाढला आणि काम तेच कंटाळवाणं राहिलं, तेव्हा हे मी स्वतः अनुभवलंय.

मेघमल्हार:
बॉडी लँग्वेज शिका!! ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो. हाताची घडी घातली की माणूस मनातलं लपवतोय. मी दोन दिवसांचं वर्कशॉप केलं, आता समोरचा खुर्चीत कसा बसला यावरून सगळं सांगतो.

चौकस:
तो ९३ चा आकडा मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधून आला. ते प्रयोग फक्त आवड-नावड कशी कळते याबद्दल होते, एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून. सगळ्या संवादाला तो आकडा लागू नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. हाताची घडी एसीमुळे पण असते.

मेघमल्हार:
तुम्ही प्रत्येकाच्या पोस्टखाली हेच करणार का?

अनाहत:
मी बरीच वर्षं रुग्णालयात नर्सिंग सुपरवायझर होते, त्यामुळे जरा मोठं लिहितेय. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या टीम अभ्यासल्या, औषधं देताना होणाऱ्या चुकांबद्दल. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असं त्यांना वाटलं होतं, निघालं उलटंच, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. कारण तिथल्या नर्स चुका सांगत होत्या, बाकीकडे झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमवर त्यांचा अभ्यास आला, त्यात सायकॉलॉजिकल सेफ्टी ही कल्पना नीट मांडली आहे. इथे बोललो तर आपला अपमान होणार नाही, अंगाशी येणार नाही, असा टीममधल्या सगळ्यांना असणारा भरवसा.
मी वाचायच्या आधीच याची किंमत मोजली आहे. माझ्या वॉर्डमध्ये एका नव्या मुलीने स्वतःहून चूक सांगितली आणि मी सगळ्यांसमोर बोलले तिला. पुढचे सहा महिने माझ्या वॉर्डमध्ये कागदावर एकही चूक नव्हती आणि मला वाटत होतं मी शिस्त लावली. ते अजून सलतं.
म्हणून सांगते, त्या मुलाला गप्प का म्हणून विचारू नका. मीटिंगमध्ये स्वतःचं मत शेवटी सांगा आणि स्वतःची एखादी खरी चूक आधी सांगा. याला दोन तासही लागत नाहीत.

पाऊलवाट:
अनाहतताईंना अनुमोदन. मीपण हेच लिहिणार होतो, मोकळं वातावरण हवं. त्याला फीडबॅक द्या, आधी कौतुक, मग चूक, मग परत कौतुक.

चौकस:
फीडबॅक जपून. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले, सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आणखी खालावलं होतं. बोलणं कामावरून माणसावर घसरलं की बिघडतं.

गारवा:
एक साधा प्रश्न. लीडच्या जागेसाठी तो स्वतः होता का?

निळीशाई:
हो. माझ्याहून दोन वर्षं सीनियर आहे. हे मी वर लिहायला हवं होतं.

गारवा:
मग त्याला मानसशास्त्र नको, उत्तर हवंय. मी या जागेवर होतो. जागा गेल्याचं दुःख दोन आठवडे होतं, पण का गेली हे कोणी सांगितलं नाही त्याचा राग वर्षभर टिकला, शेवटी नोकरी सोडली. यावर अभ्यास पण आहे, थिबो आणि वॉकर यांचा १९७५ चा, न्यायनिवाड्याबद्दलचा, नंतर तो ऑफिसांना लावला गेला. निकाल विरोधात गेला तरी पद्धत न्याय्य वाटली आणि आपलं म्हणणं ऐकलं गेलं तर माणूस तो पचवतो. ते कारण तुम्ही नाही सांगू शकत, ज्यांनी निवड केली त्यांनी सांगायचं. तुम्ही फक्त त्यांच्या मागे लागा.

रेघ:
हेच मी म्हणत होतो, दखल.

मेघमल्हार:
त्याच्याशी बोलताना समोर नका बसू, शेजारी बसा.

निळीशाई (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. गारवा, तुमची पोस्ट वाचून दुसऱ्याच दिवशी मॅनेजरना भेटलो. त्यांनी आधी टाळलं, मग त्याच्याशी बोलले. नंतर तो आपणहून माझ्याकडे आला, पाऊण तास बोलला, मी जवळपास काहीच बोललो नाही. निवडीचं कारण त्याला पटलेलं नाही, पण कळलंय. मीटिंगमध्ये अजून गप्पच असतो, फक्त परवा माझ्या प्लॅनमधल्या दोन चुका लाल करून पाठवल्या, तेवढ्यानेही मला बरं वाटलं. अनाहतताई, स्वतःची चूक सांगून बघितली, सगळे एकमेकांकडे बघायला लागले, परत करणार आहे.
शिकण्याचं म्हणाल तर मी तीन महिन्यांच्या कोर्सला नाव घातलं, आठवड्याला चार तास आणि शेवटी परीक्षा. इथे कोणीच हे सुचवलं नव्हतं आणि वेळेचं माझंच म्हणणं मी मोडलंय. पण परीक्षा असल्याशिवाय माझं वाचन होत नाही, शाळेपासून तसंच आहे. बाळ झोपलं की रात्री बसतो.

वाटसरू:
चार तास निघतात म्हणजे एमए पण होईल. प्रवेश सुरू झाले की इथेच कळवतो.